ब्रिटनमध्ये मेडिकलचा अर्ज आणि वर्क एक्स्पीरियन्स: काय धरतात, काय धरत नाहीत

थेम्सकाठ (धागाकर्ता)

इयर १२ सुरू झालं, म्हणजे आपल्याकडच्या अकरावीचं वय झालं, की इथल्या मराठी ग्रुपांवर एकच प्रश्न फिरायला लागतो: "मेडिकलला वर्क एक्स्पीरियन्स किती तासांचा लागतो?" कोणी सांगतं दोन आठवडे, कोणी शंभर तास, कोणी म्हणतं सर्जनबरोबर ऑपरेशन थिएटरमध्ये उभं राहिल्याशिवाय काही खरं नाही. मुलांची नुसती धावपळ होते, आणि ज्यांच्या ओळखीत एकही डॉक्टर नाही ती मुलं अर्जाआधीच खचतात. म्हणून हा धागा. माहीतगारांनी भर घालावी.

आधी मूळ मुद्दा. बहुतेक मेडिकल स्कूल तासांचा आकडा देतच नाहीत. मेडिकल स्कूल्स काउन्सिल ही त्या सगळ्यांची मिळून संस्था आहे. तिच्या मार्गदर्शनात सगळा जोर लोकांची काळजी घेण्याच्या, लोकांशी बोलण्याच्या आणि जबाबदारी पेलण्याच्या अनुभवावर आहे. तो हॉस्पिटलातच हवा, डॉक्टरच्या मागेच हवा, अशी अट नाही. अपवाद आहेत. वॉरिकचा पदवीधरांसाठीचा कोर्स किमान तास ठरवून देतो. त्यामुळे यादीतल्या चारही कॉलेजांचं यंदाचं प्रवेशाचं पान स्वतः वाचा, ऐकीव माहितीवर जाऊ नका. (चार म्हणतोय, कारण यूकासवर, म्हणजे विद्यापीठांच्या अर्जांच्या सामाईक यंत्रणेवर, पाच पर्याय असले तरी मेडिसिनचे चारच भरता येतात.)

अनुभव ढोबळ तीन प्रकारचा. बघण्याचा: जीपी (फॅमिली डॉक्टर) किंवा हॉस्पिटलात डॉक्टर-नर्सच्या मागे राहून. करण्याचा: केअर होम, हॉस्पिटलातली स्वयंसेवा, अपंग मुलांचा क्लब, फूड बँक, पगारी नोकरी. आणि ऑनलाइन. माझ्या मते यातला दुसरा सगळ्यात मोलाचा, आणि पालक नेमका तोच शेवटी ठेवतात.

वेळापत्रक साधारण असं ठेवावं. इयर १२ च्या ऑक्टोबरपर्यंत करण्याचं काम सुरू, आठवड्याला दोन-तीन तास. डिसेंबर-जानेवारीत उन्हाळ्यासाठी हॉस्पिटल आणि जीपीकडे अर्ज. जुलै ते सप्टेंबर यूकॅट ही प्रवेशपरीक्षा. १५ ऑक्टोबरला संध्याकाळी ६ वाजता यूकासची मुदत संपते, शाळेची आतली मुदत त्याच्याही आधी. मुलाखती हिवाळ्यात, बऱ्याचशा डिसेंबर ते मार्च. अर्ज गेला म्हणून काम सोडायचं नाही. मुलाखतीत "सध्या काय करतेस?" हे विचारतातच.

सायली_एम

जीपींना पाठवलेल्या ईमेलला उत्तरच येत नाही अशी बऱ्याच मुलांची तक्रार असते. त्यावर कोणी नीट लिहील का? विनंती नेमकी कुणाला करायची?

रिसेप्शनपलीकडे

सायलीताई, डॉक्टरच्या नावाने गेलेली विनंती बहुतेक वेळा तिथेच राहते. पत्र प्रॅक्टिसच्या, म्हणजे जीपींच्या दवाखान्याच्या, मॅनेजरला लिहायचं. आणि "मला वर्क एक्स्पीरियन्स हवा आहे" एवढंच लिहिलं तर समोरच्याला पुढचे दहा प्रश्न विचारावे लागतात, मग ते ईमेल मागे पडतं.

पहिल्याच पत्रात हे सगळं असावं: वय (१६ पूर्ण आहे का), शाळा आणि इयर, कोणते दिवस जमतील त्याच्या दोन-तीन पर्यायी तारखा, किती दिवस हवेत, शाळेतल्या कोणत्या शिक्षकाशी संपर्क करायचा, आणि गोपनीयतेचा करार सही करायची तयारी आहे हे एक वाक्य. आठवडा मागू नये, दोन दिवस मागावेत. छोट्या प्रॅक्टिसला आठवडाभर सोबत कोणाला तरी ठेवणं जड जातं, दोन दिवस जमून जातात.

आपलं कुटुंब ज्या प्रॅक्टिसमध्ये नोंदलेलं आहे तिथे मागू नका. वेटिंग रूममध्ये शेजारी, वर्गमित्राची आई, शाळेतले सर असे ओळखीचेच बसलेले असतात. गोपनीयतेसाठी बऱ्याच प्रॅक्टिस ओळखीच्या भागातल्या मुलांना नकारच देतात. दोन-तीन मैल लांबची बघावी.

आणि सल्लामसलतीच्या खोलीत बसायला मिळालं नाही तरी नाही म्हणू नका. सकाळी आठ वाजता फोन सुरू होतात तेव्हा रिसेप्शनच्या मागे बसलेल्या मुलाला एनएचएस (इथली सरकारी आरोग्यसेवा) जेवढी कळते तेवढी खोलीत बसूनही कळत नाही. कोणाला आज भेट, कोणाला फार्मासिस्ट, कोणाला नर्स, कोणाला थेट ९९९ हा आणीबाणीचा नंबर, ही वाटणी कशी होते ते बघण्यासारखं आहे. इंग्लंडमधल्या प्रत्येक प्रॅक्टिसला रुग्णांचा सहभाग गट, म्हणजे पीपीजी, असावाच लागतो. काही ठिकाणी त्यात तरुण सदस्य हवेच असतात. ही वाट फारशी कोणी धरत नाही.

वॉर्ड_सात

हॉस्पिटलचं मी लिहितो. बहुतेक एनएचएस ट्रस्टच्या, म्हणजे हॉस्पिटलं चालवणाऱ्या संस्थांच्या, वेबसाइटवर वर्क एक्स्पीरियन्सचं वेगळं पान असतं. ते काम बहुधा शिक्षण विभागाकडे असतं, आणि स्वयंसेवकांचं खातं त्याहून निराळं. दोन्हीकडे वेगवेगळे अर्ज. बरेच ट्रस्ट वर्षातून ठरावीक काळातच अर्ज घेतात, स्थानिक शाळांना प्राधान्य देतात आणि किमान वय १६ ठेवतात. अर्ज सहसा कुठे अडतो ते सांगतो:

एक, मुदत. जुलैसाठी मे महिन्यात अर्ज करणाऱ्यांना जागा उरत नाही.

दोन, आरोग्याचा फॉर्म. गोवर, कांजिण्या आणि क्षयरोगाबद्दल विचारतात. भारतात लसी घेतलेल्या मुलांची जुनी कार्डं शोधण्यात आठवडे जातात. ती आधीच काढून ठेवा, जीपीच्या नोंदीत चढवून घ्या.

तीन, "कोणताही विभाग चालेल" किंवा "फक्त कार्डिओथोरॅसिक सर्जरी" ही दोन टोकं. वृद्धांचा वॉर्ड, श्वसनविकारांचा वॉर्ड, बाह्यरुग्ण विभाग असे दोन-तीन पर्याय आणि प्रत्येकाचं एका वाक्यात कारण दिलं की जागा लावणं सोपं जातं.

पहिल्या दिवशी: बाह्या कोपरापर्यंत वर, घड्याळ-अंगठ्या-धागे-बांगड्या काढलेल्या, केस बांधलेले, पायात बंद बूट, नखं कापलेली. मनगटावरच्या धार्मिक धाग्याबद्दल ट्रस्टला आधी विचारून ठेवा, ऐनवेळी वॉर्डच्या दारात वाद नको. नीट खाऊन या. राउंडमध्ये तासन्‌तास उभं राहून चक्कर येणारी मुलं बरीच. चक्कर येतेय असं वाटलं तर लगेच सांगून खाली बसायचं, त्यात काही कमीपणा नाही.

तुम्ही बघायला आलेले आहात. रुग्णाला हात लावायचा नाही, उचलायचं नाही, पाणी मागितलं तरी नर्सला विचारल्याशिवाय द्यायचं नाही. तो रुग्ण ऑपरेशनसाठी उपाशी ठेवलेला असू शकतो, किंवा त्याला साधं पाणी नीट गिळता येत नसेल. एखाद्या रुग्णाने "मुलगी इथे नको" म्हटलं तर हसून बाहेर यायचं. रुग्णाच्या त्या हक्काबद्दल मुलाखतीत बोलता येतं.

मेघना_के

वॉर्ड_सात, राउंडमध्ये उभं राहून नेमकं काय बघायचं? निदान आणि औषधं तर कळत नाहीत, मग पोरं डायरीत औषधांची नावं उतरवून आणतात.

वॉर्ड_सात

औषधांची नावं सोडून द्या. त्यावर कोणी प्रश्न विचारणार नाही. माणसांकडे बघा. डॉक्टर उभ्याने बोलले की खुर्ची ओढून बसले? वाईट बातमीआधी पडदा ओढला का, आणि पडदा ओढला तरी शेजारच्या खाटेला सगळं ऐकू जातंच ना? रुग्णाला समजलं की नाही हे कसं तपासलं? मुलगी आईच्या वतीने उत्तरं देत असेल तर डॉक्टरांनी आईला बोलतं कसं केलं? कनिष्ठ डॉक्टरचं वरिष्ठाशी मत जुळलं नाही तेव्हा शब्द कोणते वापरले?

दुसरं, न्यूज-२ चा, म्हणजे रुग्ण ढासळतोय का हे ओळखण्याच्या गुणांचा, तक्ता कसा चालतो ते नर्सला विचारा. श्वासाचा वेग, रक्तातला ऑक्सिजन, बाहेरून ऑक्सिजन चालू आहे का, रक्तदाब, नाडी, शुद्ध आणि ताप, या सगळ्यांना गुण देऊन बेरीज करतात. बेरीज ५ झाली की डॉक्टरला तातडीने कळवायचं, ७ झाली की आणीबाणीचा प्रतिसाद. बहुतेक वेळा ही मोजणी हेल्थकेअर असिस्टंट करते. म्हणजे रुग्ण ढासळतोय हे सगळ्यात आधी तिला दिसतं, आणि तिचं ऐकून घेणारा डॉक्टर असेल तरच ते कामाला येतं. "टीमवर्क महत्त्वाचं असतं" असं नुसतं म्हणणारा अर्जदार आणि हे समजून बोलणारा, यांत फार फरक पडतो.

एमडीटीची (वेगवेगळ्या व्यवसायांच्या लोकांच्या टीमची) बैठक बघायला मिळाली तर सोडू नका. फिजिओथेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट, सोशल वर्कर, नर्स, डॉक्टर एकत्र बसतात आणि चर्चा निम्मा वेळ घरी जिने किती, संडास कुठल्या मजल्यावर, सकाळी उठवायला कोण येणार, यावर असते. बरा झालेला माणूसही घरी का जाऊ शकत नाही ते तिथे कळतं.

पाटीलसर

सगळं मान्य. पण पालक विचारतात ते वेगळं: नुसतं केअर होममध्ये काम केलं आणि डॉक्टरला काम करताना कधी बघितलंच नाही, तर "तुला डॉक्टरच का व्हायचंय, नर्स का नाही?" याला मुलगा काय उत्तर देणार? माझ्या मते थोडं तरी शॅडोइंग (डॉक्टरच्या मागे राहून बघणं) हवंच.

थेम्सकाठ

प्रश्न रास्त आहे, पाटीलसर. पण त्याला आठवडाभराची प्लेसमेंट लागत नाही. २०२० च्या साथीत हॉस्पिटलांची दारं बंद झाली तेव्हा मेडिकल स्कूलनीच दुसरे मार्ग मान्य केले, आणि ते मार्ग आजही चालतात. रॉयल कॉलेज ऑफ जीपीजचं ऑब्झर्व्ह जीपी फुकट आहे, १६ वर्षांवरच्या, ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मुलांसाठी. जीपी आणि त्यांच्या टीमचं काम चित्रफितींतून दाखवतात, मध्ये मध्ये प्रश्न विचारून विचार करायला लावतात. ब्रायटन अँड ससेक्स मेडिकल स्कूलचा ऑनलाइन कोर्सही फुकट आहे, त्यात वेगवेगळ्या शाखा येतात. हे दोन्ही नीट केले, डॉक्टर आणि नर्स यांच्या जबाबदारीतला फरक टिपून ठेवला, एखाद्या डॉक्टरशी अर्धा तास मोकळं बोलून घेतलं, तर त्या प्रश्नाचं उत्तर देता येतं.

मात्र ऑनलाइनचं प्रमाणपत्र मिळवून थांबू नये. पाच-सहा कोर्सची नावं एकाखाली एक लिहिलेली स्टेटमेंटं (यूकास अर्जातलं स्वतःबद्दलचं लेखन) वाचणाऱ्याला लगेच कळतात.

पाटीलसर

ठीक. तरी मी दोन दिवस का होईना, प्रत्यक्ष बघायचा आग्रह धरीन. "नर्स का नाही?" याचं उत्तर मात्र "डॉक्टर जास्त निर्णय घेतात" असं एका ओळीत नको. अ‍ॅडव्हान्स्ड नर्स प्रॅक्टिशनरही तपासतात, औषधं लिहून देतात. हे माहीत नसलेला मुलगा तिथेच अडकतो.

संध्याछाया

केअर होमबद्दल सविस्तर लिहिते, कारण त्याला सगळे "चहा देण्याचं काम" समजतात.

जागा शोधताना केअर क्वालिटी कमिशन या तपासणी करणाऱ्या संस्थेच्या वेबसाइटवर इंग्लंडमधल्या प्रत्येक होमचा अहवाल असतो, तो आधी वाचा. मग फोन करून अ‍ॅक्टिव्हिटीज को-ऑर्डिनेटरशी बोला. मॅनेजरपेक्षा त्यांना माणसांची गरज जास्त असते. आठवड्यातला एकच ठरलेला वार आणि वेळ सांगा, आणि किमान सहा महिने येईन असं कबूल करा. दर वेळी नवा चेहरा दिसला की स्मृतिभ्रंश झालेली माणसं गोंधळतात, म्हणून होमला टिकणारी मुलं हवी असतात.

आता जेवणाची वेळ घ्या. गिळायला त्रास असलेल्यांचं जेवण आणि पेय ठरलेल्या पातळीचं असतं. आयडीडीएसआय नावाची ० ते ७ अशी मोजपट्टी आहे: पेयं ० ते ४, जेवण ३ ते ७. पातळी २ चं पेय म्हणजे जरासं दाट, कपातून पिता येणारं पण पाण्यापेक्षा सावकाश वाहणारं. पातळी ४ चमच्याने खायची. कोणाला कोणती पातळी हे स्पीच अँड लँग्वेज थेरपिस्ट ठरवतात. का? पातळ पाणी झटकन श्वासनलिकेत उतरतं, खोकला येतो किंवा येतही नाही, आणि मग न्यूमोनिया. म्हणून माणूस ताठ बसलेला हवा, घास लहान, आधीचा गिळला हे बघूनच पुढचा, आणि जेवणानंतरही काही वेळ आडवं करायचं नाही. प्रशिक्षण मिळाल्याशिवाय सोळा-सतरा वर्षांच्या स्वयंसेवकाने भरवायचं नाही, कोणी घाईत सांगितलं तरी.

पण बघण्यासारखं खूप असतं. दाट केलेला चहा आजोबांना आवडत नाही, ते तो बाजूला सारतात, मग दिवसभराचं पाणी कमी पडतं, मग लघवीचा संसर्ग, मग गोंधळलेपणा, मग हॉस्पिटल. सुरक्षितता राखायची की माणसाच्या आवडीला मान द्यायचा, हा पेच त्या एका कपात आहे. आजोबांना समज असेल आणि धोका कळूनही त्यांनी साधा चहाच हवा म्हटलं तर? इंग्लंड आणि वेल्समध्ये २००५ चा मेंटल कपॅसिटी अ‍ॅक्ट सांगतो की निर्णय दुसऱ्यांना शहाणपणाचा वाटत नाही एवढ्यावरून माणसाला समज नाही असं धरता येत नाही. मुलाखतीत स्वायत्ततेवर पाठ केलेल्या व्याख्येपेक्षा हा कप जास्त उपयोगी पडेल.

दाराजवळ किंवा फाइलमध्ये "धिस इज मी" हे अल्झायमर्स सोसायटीचं पत्रक दिसलं तर, परवानगी घेऊन, वाचा. माणसाला काय आवडतं, कशाने भीती वाटते, कोणत्या नावाने हाक मारायची हे त्यात असतं. संवादाला सुरुवात कशी करायची ते आपसूक कळतं.

मेघना_के

संध्याछायाताई, हे फार छान. लेकीला वाचायला दिलं.

डीबीएसचं, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदीच्या तपासणीचं, काय? एका एजन्सीने पैसे भरून आधी काढून ठेवा म्हणून सांगितलं आहे.

रिसेप्शनपलीकडे

भरू नका. एन्हान्स्ड डीबीएस व्यक्तीला स्वतःहून काढता येत नाही, ज्या संस्थेत काम करणार तीच अर्ज सुरू करते. स्वयंसेवकांसाठी डीबीएस स्वतः शुल्क घेत नाही. १६ पूर्ण होण्याआधी अर्जच होत नाही. दोन-चार दिवस देखरेखीखाली नुसतं बघायला येणाऱ्याला बहुधा लागतही नाही. नियमित केअरच्या कामाला लागतो. यायला काही आठवडे धरून चाला. पासपोर्ट आणि पत्त्याचे पुरावे यांतलं नाव सारखं हवं. आपल्याकडे वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून एका कागदावर असतं, दुसऱ्यावर नसतं, त्यावर अर्ज परत येतो.

प्रमाणपत्रावरच्या तारखेपासून ३० दिवसांत डीबीएसच्या अपडेट सर्व्हिसला नाव नोंदवा. स्वयंसेवकांना तीही फुकट. मग दुसऱ्या ठिकाणी त्याच प्रकारचं काम असेल तर नवा अर्ज बहुतेक टळतो. हे इंग्लंड-वेल्सचं झालं. अशाच तपासणीसाठी स्कॉटलंडमध्ये पीव्हीजी, उत्तर आयर्लंडमध्ये अ‍ॅक्सेस एनआय.

कोकणचा_अभि

सुट्टीत भारतात काकांच्या हॉस्पिटलात महिनाभर राहिलं तर चालतं का? तिथे बघायला खूप मिळतं.

वॉर्ड_सात

बघितलेलं चालतं. केलेलं मात्र अंगाशी येतं. "मला टाके घालू दिले", "इंजेक्शन दिलं", "डिलिव्हरीला हातभार लावला" असं अर्जात लिहिलं की वाचणाऱ्याच्या मनात पहिला प्रश्न येतो: प्रशिक्षण नसताना हे केलं, आणि रुग्णाची संमती कोणी घेतली? हुशारी दिसण्याऐवजी निर्णयक्षमतेवर शंका येते. ओळखीचे डॉक्टर प्रेमाने "ये, धर" म्हणतात, तेव्हा "मी बघतो, हात लावत नाही" एवढं म्हणायचं. रुग्णाबरोबरचे फोटो तर काढूच नयेत.

दुसरं, एनएचएसचा अनुभव त्याने भरून निघत नाही. दोन्ही व्यवस्था बघितल्या असतील तर तुलना करता येते: जीपीने पाठवल्याशिवाय तज्ज्ञाकडे जाता न येणं, उपचाराच्या वेळी पैसे न मोजणं आणि त्याच्या बदल्यात लागणारी प्रतीक्षा. पण ती तुलना कोणालाही कमी न लेखता करावी.

नीरजा_वाय

पैसे देऊन मिळणाऱ्या प्लेसमेंटबद्दलही लिहा कोणीतरी. शनिवार-रविवारच्या कार्यक्रमांना शेकडो पौंड घेतात, परदेशातल्यांना हजारांत.

थेम्सकाठ

गरज नाही. असे कार्यक्रम घेतल्याचे जादा गुण मिळत नाहीत. खोट्या रुग्णाबरोबर एक दिवस घालवल्याने मुलाला आनंद मिळत असेल तर वेगळं, पण तेच दिवस स्थानिक हॉस्पिसच्या (शेवटच्या आजारातल्या माणसांची काळजी घेणाऱ्या संस्थेच्या) दुकानात किंवा शेजारच्या मतिमंद मुलांच्या क्लबात गेले तर सांगण्यासारखं जास्त हाती येतं. पैशाची ओढाताण असलेल्या घरांनी तर याचं ओझं मुळीच घेऊ नये. सुपरमार्केटमधली पगारी नोकरी, घरी आजारी आजीची काळजी, धाकट्या भावंडांना सांभाळणं हेही मेडिकल स्कूल धरतात. चिडलेल्या गिऱ्हाइकाला शांत करणं हा संवादकौशल्याचाच अनुभव आहे. तो लाजून लपवू नये.

संध्याछाया

एक छोटी दुरुस्ती, थेम्सकाठ. इथे "मतिमंद" हा शब्द आता वापरत नाहीत, अर्जात तर तसा इंग्रजी प्रतिशब्द चुकूनही नको. "लर्निंग डिसॅबिलिटी असलेली मुलं" असं म्हणतात: आधी माणूस, मग अडचण. "डिमेन्शियाचे पेशंट" ऐवजी "डिमेन्शियासह जगणारी माणसं". मुलाखतीतही भाषेकडे लक्ष असतं.

थेम्सकाठ

बरोबर आहे, आभार.

अक्षरवेल

शाळेतल्या मुलांची स्टेटमेंटं तपासणाऱ्यांसाठी आणि मुलांसाठी लिहिते.

२०२६ च्या प्रवेशापासून यूकासचं स्टेटमेंट एकसलग राहिलं नाही, तीन प्रश्न झाले: हा विषय का, शिक्षणाने कशी तयारी झाली, आणि शिक्षणाबाहेर काय केलं व त्याचा उपयोग काय. तिन्ही मिळून ४,००० अक्षरं, त्यात मोकळ्या जागाही मोजतात. प्रत्येक उत्तराला किमान ३५०. वर्क एक्स्पीरियन्सची जागा मुख्यतः तिसऱ्या प्रश्नात, पण ज्या अनुभवाने निर्णय पक्का झाला तो पहिल्यात आला तरी चालतो. तिन्ही उत्तरं एकत्रच वाचली जातात, म्हणून तीच गोष्ट दोनदा लिहून अक्षरं घालवू नका.

तिसऱ्या उत्तरात सहा ठिकाणांची नावं भरण्यापेक्षा दोन अनुभव खोलात घ्या. कच्चं वाक्य असं दिसतं: "मी स्थानिक हॉस्पिटलात एक आठवडा शॅडोइंग केलं, त्यातून सहानुभूती आणि टीमवर्कचं महत्त्व कळलं." हे कोणीही, कुठेही न जाता लिहू शकतं. पक्कं वाक्य: "ऐकू कमी येणाऱ्या आजींच्या श्रवणयंत्राची बॅटरी संपली होती, पण नोंदीत त्या 'सहकार्य करत नाहीत' असं होतं. बॅटरी बदलल्यावर त्या बोलू लागल्या. तेव्हापासून आमच्या वाचनाच्या तासाआधी मी प्रत्येकाचं यंत्र चालू आहे ना ते कर्मचाऱ्यांना विचारायला लागलो." दिसलं काय, अर्थ काय लागला, मग स्वतः काय बदललं, हे तीन टप्पे यात आहेत.

डायरी त्याच दिवशी लिहा, पाच-सात ओळी पुरेत. त्यात रुग्णाचं नाव, नेमकं वय, खाट क्रमांक, हॉस्पिटल आणि तारीख एकत्र येता कामा नये. दुर्मिळ आजाराचं नावच ओळख पटवायला पुरतं, म्हणून तेही टाळा. फोनवर फोटो नाही, व्हॉट्सअ‍ॅपवर "आज काय पाहिलं" नाही. डायरीत स्वतःचं मनही लिहा. किळस आली, कंटाळा आला, भीती वाटली, तर तसंच. पुढे "हे काम तुला झेपेल कशावरून?" विचारतात तेव्हा त्या ओळी कामी येतात.

पाटीलसर

मुलाखतीचं मी जोडतो. बहुतेक ठिकाणी एमएमआय (अनेक छोट्या मुलाखतींची मालिका) असते: पाच ते दहा मिनिटांची छोटी स्टेशनं, प्रत्येक ठिकाणी वेगळा परीक्षक. ऑक्सफर्ड-केंब्रिज मात्र विषयाच्या मुलाखती घेतात. एमएमआयमध्ये अनुभवावरचा प्रश्न फार तर एक-दोन स्टेशनांवर थेट येतो, पण बाकीच्यांतही तो मुरलेला असतो. उदाहरणार्थ नट समोर बसवून "शेजाऱ्याचं मांजर तुझ्या गाडीखाली आलं, त्याला सांग" असं देतात. तिथे ज्याने वाईट बातमी सांगताना माणसं बघितलीत तो आधी बसतो, गोलगोल बोलत नाही, आणि सांगून झाल्यावर गप्प राहतो.

थेट प्रश्न असे: तू बघितलेली एखादी गोष्ट जी आणखी चांगली होऊ शकली असती? डॉक्टर सोडून कोणाच्या कामाने तुझं मत बदललं? या कामातलं तुला सगळ्यात नकोसं काय वाटलं? पहिल्या प्रश्नावर मुलं एक तर कर्मचाऱ्यांवर ताशेरे ओढतात किंवा "सगळं उत्तमच होतं" म्हणतात. दोन्हीला गुण कमी. काय घडलं, त्यामागचं कारण काय असावं (कमी माणसं, दिवसाअखेरची घाई), आणि काय करता आलं असतं, या क्रमाने बोलावं.

एनएचएस संविधानातली सहा मूल्यं आणि जीएमसीचं, म्हणजे डॉक्टरांची नोंदणी करणाऱ्या संस्थेचं, गुड मेडिकल प्रॅक्टिस वाचून जावं. दुसऱ्याची नवी आवृत्ती ३० जानेवारी २०२४ पासून लागू आहे. पाठांतर नको. प्रत्येक मूल्यासमोर डायरीतला एक प्रसंग लिहिता येतो का एवढं बघा. हाच अभ्यास यूकॅटच्या सिच्युएशनल जजमेंट (प्रसंगात काय करावं हे विचारणाऱ्या) भागालाही उपयोगी पडतो. त्यात बँड १ ते ४ मिळतो (१ सगळ्यात चांगला), आणि बँड ४ आला तर काही मेडिकल स्कूल अर्ज पुढे नेत नाहीत.

कोकणचा_अभि

पदवीनंतर ग्रॅज्युएट एंट्रीने जाणाऱ्यांना वेगळं काही?

वॉर्ड_सात

त्यांच्याकडून अपेक्षा जास्त, कारण वय आणि वेळ दोन्ही हाताशी होते. सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे हेल्थकेअर असिस्टंटची नोकरी, एनएचएसच्या पगारश्रेणीत बँड २ किंवा ३ ची. ट्रस्टच्या बँकेवर, म्हणजे गरजेप्रमाणे बोलावायच्या कर्मचाऱ्यांच्या यादीवर, नाव नोंदवलं की शिफ्ट आपल्या सोयीने घेता येतात. मात्र बँकेवर घेताना बरेच ट्रस्ट आधीचा केअरचा अनुभव मागतात. तो नसेल तर आधी केअर होममध्ये किंवा घरी जाऊन सेवा देणाऱ्या संस्थेत काम धरा. तिथे केअर सर्टिफिकेट (काळजी घेण्याच्या कामाचं मूलभूत प्रशिक्षण) पूर्ण करून घेतात, ते पुढे कामी येतं. बारा-साडेबारा तासांच्या शिफ्ट असतात. अभ्यास, यूकॅट आणि रात्रपाळ्या एकाच महिन्यात ठेवू नका.

सायली_एम

शेवटची शंका. काम केल्याचा पुरावा अर्जाबरोबर जोडायचा असतो का?

अक्षरवेल

यूकासमध्ये काहीच जोडता येत नाही. पण काही मेडिकल स्कूल नंतर वेगळा फॉर्म पाठवून तपशील आणि पडताळणीसाठी नाव मागतात, कधी फार कमी दिवसांची मुदत देऊन. म्हणून पहिल्या दिवसापासून एक साधा तक्ता ठेवा: संस्था, कामाचं स्वरूप, सुरुवात आणि शेवट, एकूण तास, देखरेख करणाऱ्याचं नाव, हुद्दा आणि कार्यालयीन ईमेल. खासगी ईमेल बऱ्याचदा धरत नाहीत. शेवटच्या दिवशी लेटरहेडवर दोन ओळींचं पत्र मागून घ्या, त्यात तारखा आणि तास असू द्या. ती व्यक्ती नोकरी सोडून जाणार असेल तर तिच्या जागी कोण येणार ते विचारून तक्त्यात नाव बदला. तासांचे आकडे फुगवू नका. पडताळणीत तफावत निघाली तर दिलेली जागाही काढून घेता येते.